काचेच्या टांकींतील आजारी मासा : रोगपरीक्षा व उपचार

शेतकरी संघाच्या मासिकांत शोभेच्या माशांची कथा कशास, असें कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, सन २०२० मध्यें प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना निघाली आणि परसांतील हौदांतून असे मासे वाढविणारांसही तींतून साहाय्य मिळूं लागलें, तेव्हांपासून हा जोडधंदा खेड्यापाड्यांत माहीत होऊं लागला आहे. ज्यांस धंद्याशीं कर्तव्य नाहीं त्यांच्याही ओटीवर मुलांच्या हट्टापायीं एखादी काचेची टांकी येऊन बसलेली असते. तींत चार जातींचे मासे एकत्र नांदतात. त्यांतला एक आजारी पडला म्हणजे घरोघर जें होतें तेंच माझ्या घरीं झालें. मी दुकानांत धांवलों, औषधाची बाटली आणली आणि पाण्यांत ओतली. त्या पायीं चार मासे गेले. ते कां गेले हें मागाहून कळलें, आणि तें कळल्यावर लिहून ठेवणें मला अगत्याचें वाटलें.

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी आपल्यांत म्हण आहे. माझ्या घरीं ती उलटी झाली होती. रोग पखालीला होता आणि औषध मी रेड्याला पाजीत होतों.

हकीकत सन २०२३ च्या जून महिन्यांतील. टांकी दोन फूट लांब, एक फूट रुंद व पंधरा इंच उंच. तींत दोन गुरामी, सहा झेब्रा, तीन काळ्या मोली आणि तळाशीं फिरणारे तीन कोरीडोरास असे चौदा जीव होते. एवढ्या टांकीस ही वस्ती थोडी दाटच, हें आतां कबूल करतों. गुरामी ही लहान, तांबड्या-निळ्या पट्ट्यांची जात मूळची आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतली. झेब्राही इकडचाच, सन १८२२ मध्यें गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं त्याचें वर्णन केलें आहे. आठ महिने सर्व कांहीं सुरळीत चाललें होतें.

मृगाचा पाऊस पडला आणि नळास गढूळ पाणी येऊं लागलें. अशा दिवसांत पाण्यांत ब्लीचिंग पूड, जिला ग्रामपंचायतींत टी. सी. एल. म्हणतात, ती अधिक पडते. तिचा वास घागरीसही येत होता. नेमक्या त्याच आठवड्यांत मीं टांकीच्या गाळणींतील स्पंज काढला आणि नळाखालीं धरून अगदीं स्वच्छ, पांढरा होईपर्यंत पिळपिळून धुतला. स्वच्छतेचें समाधान फार झालें. तिसऱ्या दिवशीं एक गुरामी कोपऱ्यांत जाऊन उभी राहिली. पर अंगास चिकटलेले, रंग काळवंडलेला. झेब्रे मात्र सर्व पृष्ठभागाशीं गोळा होऊन तोंडें उघडमीट करीत होते. मला वाटलें, यांस भूक लागली आहे. मीं दाणा वाढविला. गुरामीसाठीं दुकानांतून निळें औषध आणून ओतलें, तेव्हां पाणी शाईसारखें झालें आणि आंतलें कांहीं दिसेनासें झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीन झेब्रे व एक कोरीडोरास मरून पडले होते.

त्या दिवशीं मत्स्यशास्त्र शिकलेला एक परिचित तरुण सहज घरीं आला होता. त्यानें माशांकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. परीक्षानळींत पाणी घेतलें, थेंब घातले आणि रंग ताडून सांगितलें कीं, अमोनिया दर लिटरला २ मिलिग्रॅम, नायट्राईट १ मिलिग्रॅम आणि सामू ८. मग म्हणाला, “काका, मासे आजारी नाहींत. त्यांना आपल्याच मुताचें विष चढलें आहे.” घरांतील मंडळींस हें बोलणें आवडलें नाहीं, पण तें अक्षरशः खरें होतें.

ह्यांतील शास्त्र शेतकऱ्यास समजण्यास मुळींच कठीण नाहीं, कारण तें शेतांतलेंच आहे. मासा जो अमोनिया टाकतो त्यांतला बहुतेक कल्ल्यांच्या वाटेनें बाहेर पडतो. उरलेला दाणा व विष्ठा कुजूनही तोच होतो. जमिनींत शेणखताच्या अमोनियाचें जें होतें तेंच येथें होतें. एका जातीचे जिवाणू त्याचें नायट्राईट करितात, दुसऱ्या जातीचे नायट्राईटाचें नायट्रेट. हे जिवाणू सन १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राद्स्की यांनीं मातींतून वेगळे काढून दाखविले. दोन्ही कामें एकटाच करणारा जिवाणूही सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि मौज अशी कीं, त्याचा एक शोध मासे वाढविण्याच्या यंत्रणेंतील गाळांतच लागला. नायट्रेट पिकास खत होतें आणि माशासही बेताच्या प्रमाणांत सोसतें. अमोनिया व नायट्राईट हीं मात्र विषें. टांकींत ह्या जिवाणूंचें मुख्य घर म्हणजे गाळणींतला तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज. नवी टांकी मांडल्यावर त्यांची वस्ती पुरती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ती वस्ती मीं क्लोरिनच्या पाण्यानें एका सकाळींत धुवून टाकली. वर जें निळें औषध ओतलें तें मेथिलीन ब्लू. तें ह्याच जिवाणूंस मारक आहे. म्हणजे जे थोडे उरले असतील त्यांचाही निकाल मींच लावला, आणि दाणा वाढवून अमोनियाची भर घातली ती वेगळीच.

सामूचा संबंध येथें फार आहे. अमोनियाचा जो भाग पाण्यांत मुक्त असतो तोच जहाल. २५ अंश सेल्सिअस उष्णतेस सामू ७ असतां तो भाग शंभरांत एकाहूनही कमी. सामू ८ झाला कीं शंभरांत पांचांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दसपट. माझ्या टांकींत मुक्त अमोनिया दर लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास होता, ०.०५ पासूनच कल्ल्यांस इजा होऊं लागते. आमच्याकडील विहिरींचें पाणी पुष्कळदां विम्ल असतें, त्यामुळें जो अमोनिया आम्लधर्मी पाण्यांत निभावून जाईल तोच आमच्या टांकींत जीव घेतो. ह्याची उलट बाजूही ध्यानांत ठेवावी. ज्या टांकींतलें पाणी महिनेन्‌महिने बदललेलें नाहीं तिचा सामू खालीं गेलेला असतो आणि अमोनिया सांठला तरी दबून असतो. तींत विहिरीचें विम्ल पाणी एकदम अर्धें ओतल्यास तोच अमोनिया मोकळा होऊन घात करितो. तेथें पाणी थोडथोडें, दिवसाआड बदलावें. नायट्राईटाची तऱ्हा निराळी. तें रक्तांत शिरून प्राणवायु वाहण्याचा रक्ताचा गुणच नाहींसा करितें. कल्ले तपकिरी दिसूं लागतात आणि पाण्यांत हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो.

उपचार त्या तरुणानें सांगितला तो असा. पिंपांत चोवीस तास हवा मारून ठेवलेलें, टांकींतल्याइतक्याच उष्णतेचें पाणी घेऊन निम्मी टांकी लगेच बदलली. क्लोरिनसाठीं दुकानांत थायोसल्फेट मिळतें, ज्यास फोटोग्राफर हायपो म्हणत. तें बाटलीवर लिहिल्याप्रमाणें घातलें. दाणा तीन दिवस पूर्ण बंद. हवेची नळी जोरांत. लिटरला एक ग्रॅमपर्यंत साधें मीठ विरघळवून हळूहळू सोडलें, कारण मिठांतील क्लोराईड कल्ल्यांवाटे शिरणाऱ्या नायट्राईटास अडवितें. त्यापुढें रोज एक तृतीयांश पाणी बदलणें, आणि त्या पाण्यापुरतें मीठ तेवढें पुन्हां घालणें. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. त्यानें आपल्या निरोगी टांकींतील मळकट स्पंजाचा तुकडा आणून माझ्या गाळणींत ठेवला. हें अगदीं विरजण लावण्यासारखें झालें. बाराव्या दिवशीं अमोनिया शून्यावर आला, मध्यंतरीं नायट्राईट चढून तेंही विसाव्या दिवशीं उतरलें. गुरामीनें सहाव्या दिवशींच पर पसरले होते. तिला औषध असें कांहींच दिलें नव्हतें.

आतां रोगपरीक्षेचा क्रम सांगतों. महसुलाच्या कचेरींत आयुष्य कारकुनींत गेल्यामुळें मला कोणत्याही गोष्टीचा पंचनामा केल्यावांचून चैन पडत नाहीं. तीच खोड येथें उपयोगी पडली. एक वही टांकीशेजारीं ठेवावी. सकाळीं दाणा घालण्यापूर्वीं पांच मिनिटें नुसतें पाहावें, हात लावूं नये. पहिला प्रश्न हा कीं, एक मासा आजारी आहे कीं सर्व? सर्वच मासे, निरनिराळ्या जातींचे, एकाच दिवशीं धापा टाकूं लागले तर दोष पाण्यांत आहे असें धरून चालावें आणि प्रथम पाणी तपासावें. एकच मासा बिघडला असेल तर त्याच्या अंगाकडे वळावें. दुसरा प्रश्न, गेल्या आठवड्यांत काय बदललें? नवा मासा, नवी वनस्पती, धुतलेली गाळणी, बंद पडलेली वीज, पाहुण्यांच्या मुलांनीं ओतलेला दाण्याचा डबा, ह्यांपैकीं कांहीं ना कांहीं बहुधा निघतेंच. तिसरा, मासा उभा कोठें आहे? येथें जातीचा स्वभाव माहीत पाहिजे. गुरामी स्वभावतःच वर येऊन हवा घेते. तिच्या डोक्यांत हवेंतला प्राणवायु शोषण्याचें इंद्रिय असतें. ती वर आली म्हणून घाबरूं नये. परंतु झेब्रे वर जमून तोंड उघडूं लागले म्हणजे तें गाऱ्हाणें आहे. मीं रंगीत गुरामीकडे पाहत बसलों आणि खरी साक्ष देणाऱ्या झेब्र्यांस भुकेले समजलों.

एकत्र नांदणाऱ्या माशांत भाऊबंदकीही असते, आणि तिच्या जखमा रोग म्हणून खपतात. चट्टेरी बार्ब हे गुरामीचे लांब तंतु आणि एंजलचे पर कुरतडतात. कडा फाटलेल्या, पण स्वच्छ असल्या तर तो मार आहे. कडा पांढुरक्या किंवा लालसर होऊन पर मागें मागें सरकत चालले तर तें कुजणें आहे. पहिल्यास बार्ब दूर करणें हेंच औषध. मोलीस कठीण पाणी मानवतें, कांहीं टेट्रांस मृदु. दोघांस एका पाण्यांत कोंडून एकानें अंग टाकलें तर औषधाचा काय उपयोग?

पाणी निर्दोष निघालें आणि मासा तरीही आजारी आहे, तरच रोगाकडे वळावें. ह्याचाही अनुभव मला लगेच आला, कारण माझी दुसरी चूक तयारच होती. गेलेल्या झेब्र्यांच्या जागीं दोन नवे आणले आणि पिशवी सोडून थेट टांकींत टाकले. आठवड्यानंतर मोलीच्या शेपटीवर आणि गुरामीच्या अंगावर रवा शिंपडावा तसे पांढरे कण दिसूं लागले. मासे दगडांवर अंग घासूं लागले. हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. इक्थियोफ्थिरियस नांवाच्या सूक्ष्म परजीवी प्राण्यापासून तो होतो, आणि फ्रान्समध्यें फूके यांनीं सन १८७६ मध्यें त्याचें वर्णन केलें आहे.

ह्या प्राण्याचें जीवनचक्र जाणल्यावांचून उपचार करणें म्हणजे अंधारांत दगड मारणें होय. जो ठिपका आपणांस दिसतो तो माशाच्या कातडीखालीं बसलेला असतो; तेथें त्यास कोणतेंही औषध पोंचत नाहीं. पोट भरल्यावर तो गळून तळाशीं पडतो, आपल्याभोंवतीं कवच करितो आणि आंत विभागून शेंकडों पिलें होतात. पिलें बाहेर पडून पोहूं लागतात आणि एकदोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. औषध लागतें तें ह्या पोहणाऱ्या पिलांसच. २५ अंशांच्या पुढें हें चक्र आठवड्याच्या आंत पुरें होतें, थंड पाण्यांत त्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून उष्णता वाढविणें हा उपचाराचा भाग आहे : कीड लवकर बाहेर पडावी आणि औषधाच्या तावडींत यावी. मीं हीटर लावून कांहीं तासांस एक अंश अशा बेतानें पाणी ३० अंशांपर्यंत नेलें. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मावतो, म्हणून हवा दुप्पट केली. रोज नळीनें तळाची वाळू ओढून घेतली, कारण कवचें तेथेंच असतात. मॅलाकाइट ग्रीन व फॉर्मॅलिन यांचें तयार औषध मिळतें. कोरीडोराससारख्या खवले नसलेल्या माशांस तें झोंबतें, म्हणून निम्म्या मात्रेनें घातलें. औषधाच्या काळांत गाळणींतला कोळसा काढून ठेवावा, नाहीं तर तो औषध शोषून घेतो. पांचव्या दिवशीं ठिपके नाहींसे झाले. सर्वांची फसगत होते ती येथें. ठिपके गेले म्हणजे रोग गेला नव्हे, तो तळाशीं गेला. मीं पुरे चौदा दिवस उपचार चालविला. नव्या झेब्र्यांपैकीं एक गेला, बाकीचे तरले.

ह्या रोगांत आजारी मासा वेगळा काढून उपयोग नाहीं, कारण कीड टांकीभर पसरलेली असते. उपचार सर्व टांकीचा. जखम, कुजणारे पर, जलोदर ह्यांत उलट मासा वेगळा काढावा.

पांढरें तें सर्व एकच नव्हे. कणासारखे सुटे ठिपके म्हणजे वरील रोग. विजेरीचा झोत तिरपा टाकला असतां सोनेरी धुळीसारखें अंग चमकलें तर तो निराळाच परजीवी. त्यास अंधारही मानवत नाहीं, म्हणून औषधाबरोबर टांकी झांकून ठेवितात. जखमेवर कापसासारखे लांब तंतु दिसले तर बुरशी. आणि तोंडाभोंवतीं राखी-पांढरा थर, किंवा पाठीवर खोगिराच्या आकाराचा फिकट पट्टा दिसला तर तो कॉलम्नारिस. सन १९२२ मध्यें अमेरिकेंत डेव्हिस यांनीं वर्णिलेला हा जिवाणूजन्य रोग बुरशीसारखा दिसतो आणि ऊन पाण्यांत झपाट्यानें वाढतो. पांढरें दिसलें म्हणून हीटर लावणारानें ह्यांत मासा दोन दिवसांत गमावलाच समजावा. येथें पाणी न तापवितां जाणकारास दाखवावें. जिवाणूनाशक गोळ्या अंदाजानें कुस्करून टाकूं नयेत. जलोदर झाला म्हणजे पोट फुगून खवले उभे राहतात. हें बहुधा आंतील मूत्रपिंड बिघडल्याचें लक्षण असतें. ह्या अवस्थेंतून मासे क्वचितच वांचतात. नुसतें पोट फुगलें असून खवले सपाट असतील तर दोन दिवस उपास घालून पाहावें. पुष्कळदां तेवढ्यानें भागतें.

मात्रेचा हिशेब मात्र कसोशीनें करावा. माझी टांकी अडीच घनफूट म्हणून दुकानदार ती ७० लिटरची सांगतो. परंतु तळाशीं दोन इंच वाळू, वरती दोन इंच मोकळे; राहिलें पाणी अकरा इंच. घनफुटास २८.३ लिटर धरल्यास तें भरतें ५२ लिटर. ७० लिटरांची मात्रा घातली तर औषध तिसऱ्या हिश्शाहून अधिक जादा होतें. पहिल्या वेळीं मीं तसेंच घातलें होतें.

शोभेचे मासे आपल्याकडे पुष्कळसे चेन्नईच्या कोळत्तूर भागांतून व कोलकत्त्याकडून प्राणवायु भरलेल्या पिशव्यांत येतात. एवढ्या प्रवासानें थकलेला जीव दुकानांतल्या गर्दींत कोणता रोग घेऊन आला असेल ह्याचा भरंवसा नसतो. म्हणून वीस-पंचवीस लिटरचें पिंप किंवा टब, त्यांत एक साधी स्पंजाची गाळणी आणि हवेची नळी, एवढें वेगळें ठेवून नवा मासा तीन ते चार आठवडे तेथेंच राखावा. नव्या बैलास आपण एकदम गोठ्यांत बांधीत नाहीं. स्पंज धुवावयाचा तो टांकींतून काढलेल्याच पाण्यांत, दोनदां पिळून; पांढरा करूं नये.

शेततळीं असलेल्या सभासदांसाठीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टांकीचें उरलेलें औषध रोहू-कटल्याच्या तळ्यांत टाकूं नये. मॅलाकाइट ग्रीन माशाच्या मांसांत दीर्घकाळ राहतें, तें आरोग्यास घातक आहे आणि खाण्याच्या माशांत त्याच्या वापरास मनाई आहे. ज्या टांकींत तें अथवा मीठ घातलें तिचें पाणी भाजीपाल्यासही नको. एरव्हींचें पाणी मात्र कढीलिंबास आणि जास्वंदीस घालावें, त्यांतलें नत्र वायां कां दवडावें? कंटाळा आला म्हणून मासे विहिरींत, ओढ्यांत सोडणें हाही असाच प्रकार. कांचेवरील शेवाळ खाणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा अशाच रीतीनें देशांतील नद्यांत शिरला आणि आतां कोळ्यांच्या जाळीं फाडतो आहे.

हें लिहीत असतां ओटीवरील टबांत नवे दोन झेब्रे आहेत. वहींत त्यांचा आज सोळावा दिवस लागला. अमोनिया शून्य, सामू ७.८, दाणा खातात.